वाळूला धागा लाभतो तेव्हा

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मराठी वाङ्मय घेऊन पदवीधर झालेल्या आणि पुढे तीस वर्षे वृत्तपत्रांत लेखणी झिजवलेल्या माणसाला विज्ञान दिनाच्या व्याख्यानासाठी बोलावून आयोजकांनी मोठेच धाडस केले आहे. या व्यासपीठावर उभे राहण्याची माझी पात्रता एकच. जे समजत नाही ते विचारण्याची लाज पत्रकारितेने मला सोडायला लावली. ज्या प्रश्नाविषयी आज मी बोलणार आहे, तो मला प्रथम २००१ साली पडला. त्याचे उत्तर समजून घेण्यास पुष्कळ वर्षे लागली आणि त्या उत्तरानेच माझी एक चूक मला दाखवून दिली. ती चूक शेवटी सांगेन. ती सांगता यावी म्हणूनच मी हा विषय निवडला आहे.

विषय अगदी साधा आहे. वाळूवर दाब आला की ती कशी वागते आणि त्याच वाळूत चिमूटभर तंतू मिसळले की तिचे वागणे कसे पालटते, एवढेच आज पाहावयाचे आहे.

मुठीतली वाळू

वाळू मुठीत घट्ट धरली की निसटते, हे आपण सर्वांनी लहानपणी अनुभवले आहे. चिकणमातीचे तसे नसते. तिच्या कणांना अंगचा चिकटपणा असतो, म्हणून तिचा गोळा होतो, तिला आकार येतो. कोरड्या वाळूच्या कणांना असा चिकटपणा नसतो. एका कणाला दुसऱ्या कणापाशी थांबवून धरणारी शक्ती म्हणजे केवळ घर्षण. कोरड्या वाळूचा ढीग घालून पाहा. त्याचा उतार साधारणतः ३० ते ३५ अंशांपर्यंत टिकतो. त्याहून उभा उतार करू गेलात की कण घरंगळतात आणि ढीग पुन्हा आपल्या मूळ कोनाशी येऊन थांबतो.

घर्षणाचा नियम असा, की दोन पृष्ठभाग एकमेकांवर जितके दाबले जातील तितके ते सरकण्यास अधिक विरोध करतात. शार्ल कुलाँ या फ्रेंच लष्करी अभियंत्याने १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात हा नियम मातीला लावून दाखवला. त्याचा वाळूपुरता अर्थ मोठा विलक्षण आहे. वाळूची ताकद तिच्या स्वतःजवळ नसते. ती तिच्यावर येणाऱ्या दाबात असते. हवा काढून घट्ट बंद केलेले कॉफीचे पाकीट आपण दुकानातून आणतो तेव्हा ते विटेसारखे टणक लागते. कात्रीने त्याचा कोपरा कापला की क्षणात आतली पूड भुसभुशीत होते. पूड तीच, कण तेच. फक्त बाहेरून चहूबाजूंनी दाबून धरणारी हवेची पकड सुटलेली असते.

जमिनीतील वाळूचेही असेच. एक मीटर जाडीचा कोरड्या वाळूचा थर आपल्या खालच्या थरावर सुमारे १६ किलोपास्कल दाब टाकतो. म्हणजे दहा मीटर खोलीवरची वाळू वरच्या वजनाखाली चांगली आवळलेली असते आणि म्हणून ती भक्कम असते. पृष्ठभागाजवळच्या वाळूवर मात्र जवळजवळ काहीच दाब नसतो. तिला आवळून धरणारे कोणी नसते, म्हणून ती वाऱ्याने उडते, लाटेने वाहते आणि पावलाखाली सरकते. ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवावी. शेवटी आपल्याला पुन्हा तिच्याकडेच यावयाचे आहे.

पावलाभोवतीची कोरडी वाळू

वाळूचा दुसरा स्वभाव समुद्रकिनारी पाहता येतो. ओहोटीनंतरच्या ओल्या, घट्ट वाळूवर पाऊल टाकले की पावलाभोवतीची वाळू क्षणभर पांढुरकी, कोरडी पडल्यासारखी दिसते. ओल्या वाळूवर दाब दिला तर पाणी पिळून वर यावे, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते आत शोषले जाते. हे असे का होते?

ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या मँचेस्टरच्या प्राध्यापकांनी १८८५ साली याचा उलगडा केला. घट्ट बसलेले कण एकमेकांच्या खाचांत रुतलेले असतात. त्यांना सरकायचे झाले तर एकमेकांवर चढावे लागते. चढताना त्यांच्यामधील फटी मोठ्या होतात आणि पाणी त्या फटींत ओढले जाते. थोडक्यात, घट्ट वाळू सरकताना फुगते. सैल वाळू याच्या नेमकी उलट वागते. तिचे कण आधीच दूरदूर बसलेले असतात. धक्का बसला की ते खाली घसरून जवळ येऊ पाहतात आणि वाळू आकुंचन पावते.

आता ही सैल वाळू पाण्याने पूर्ण भरलेली आहे आणि धक्का इतका जलद आहे, की फटींतील पाण्याला बाहेर पडण्यास अवसरच मिळत नाही, अशी कल्पना करा. कण जवळ येऊ पाहतात, मध्ये पाणी अडकलेले असते, पाण्याचा दाब वाढत जातो आणि आजवर कणांनी एकमेकांवर पेललेला भार पाणी उचलून धरते. कण जणू तरंगू लागतात. मृदायांत्रिकीचे जनक मानले जाणारे कार्ल तेर्झागी यांनी १९२०च्या दशकात याचा हिशेब मांडला. वरून येणाऱ्या एकूण दाबातून पाण्याचा दाब वजा केला की जे उरते, तेवढाच कणांचा परस्परांवरील दाब. ती वजाबाकी शून्यावर आली की घर्षण संपते. घर्षण संपले की वाळूपाशी दुसरे काहीच नसते. घन जमीन त्या क्षणी दाट द्रवासारखी वागू लागते. यालाच द्रवीकरण म्हणतात.

कच्छमधील तो मनोरा

पुस्तकातली ही वजाबाकी मी पुस्तकाआधी जमिनीवर पाहिली. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी कच्छमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा वार्ताहर म्हणून मला तिकडे पाठवण्यात आले. भुज, अंजार, भचाऊ येथे जे पाहिले त्याविषयी त्या वेळी पुष्कळ लिहिले आहे; ते आज उगाळत नाही. मला आठवते ते कांडला बंदर, ज्याचे नाव २०१७ साली दीनदयाळ बंदर झाले. तेथे बंदर व सीमाशुल्क कार्यालयाचा सुमारे २२ मीटर उंचीचा मनोरा होता. आसपासची पडझड पाहून आलेल्या माझ्या डोळ्यांना त्याचे एक वेगळेपण जाणवले. तो कोसळला नव्हता, कलला होता. त्याचा माथा सुमारे ३० सेंटिमीटर एका बाजूला गेला होता. खांब खोल गेलेले, पण ज्या वाळूमिश्रित थरांचा आधार त्यांना होता, त्या थरांनीच धक्क्याच्या वेळी साथ सोडली. कच्छच्या रणात तर अनेक ठिकाणी जमिनीतून पाणी आणि वाळू उसळून वर आली होती.

तेथे भेटलेल्या एका अभियंत्याला मी भाबडेपणाने विचारले, "बांधकाम चांगले असूनही इमारत कलते, ती का?" तो म्हणाला, "तुम्ही इमारतीकडे पाहत आहात. पायाखाली पाहा." त्याच्या त्या वाक्याने मला पुढे अनेक प्रयोगशाळांची दारे ठोठावायला लावली.

अडीच किलो वाळू, साडेबारा ग्रॅम तंतू

अशाच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी वाळूची परीक्षा पाहिली. तिला त्रिअक्षीय दाब चाचणी म्हणतात. पातळ रबरी पिशवीत वाळू ठासून भरतात. दंडगोल तयार होतो. व्यास १० सेंटिमीटर, उंची २० सेंटिमीटर. तो पाण्याने भरलेल्या भक्कम पात्रात ठेवतात आणि पाण्याच्या दाबाने चहूबाजूंनी आवळतात. जमिनीत खोलवर असलेल्या वाळूला सभोवारची माती जशी आवळते, त्याचीच ही प्रतिकृती. मग वरून हळूहळू भार देत जातात आणि दंडगोल किती दबला, किती भार पेलला, याची नोंद होत राहते.

घट्ट भरलेल्या साध्या वाळूचा आलेख पाहण्यासारखा असतो. आरंभी भार झपाट्याने वाढतो, शिखर गाठतो आणि मग घसरतो. दंडगोलात एक तिरपी रेघ उमटते. त्या रेघेवरून वरचा भाग खालच्या भागावरून सरकतो. जी काही हालचाल व्हायची ती सारी त्या अरुंद पट्ट्यात एकवटते.

दुसऱ्या दंडगोलात तीच वाळू होती, पण तिच्यात वजनाच्या अर्धा टक्का तंतू मिसळले होते. अडीच किलो वाळूत साडेबारा ग्रॅम. पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे ज्याची पोती व दोरखंड होतात त्या प्लास्टिकचे, सुमारे २५ मिलिमीटर लांबीचे बारीक तंतू. ओल्या वाळूत कालवल्यावर ते डोळ्यांना धड दिसतही नव्हते. भार वाढू लागला. साध्या वाळूने जेथे शिखर गाठून माघार घेतली होती, तो बिंदू आला आणि गेला. आलेख घसरला नाही. तो चढतच राहिला. दंडगोलाची उंची तीन सेंटिमीटरने कमी झाली तरी भार पेलला जात होता. तिरपी रेघ उमटली नाही. सारा दंडगोल मधोमध पिंपासारखा फुगला.

हे कसे घडते? अर्धा मिलिमीटर जाडीच्या कणांच्या वाळूत २५ मिलिमीटरचा एक तंतू आपल्या लांबीभर शेकडो कणांच्या कचाट्यात सापडलेला असतो. कण सरकू लागले की ते तंतूला आपल्याबरोबर ओढतात. तंतूचे एक टोक सरकणाऱ्या भागात आणि दुसरे स्थिर भागात रुतलेले असते. तो ताणला जातो. ताणलेला तंतू दोन्ही भागांना एकमेकांकडे ओढतो, म्हणजेच कणांचा परस्परांवरील दाब वाढवतो. घट्ट वाळू सरकताना फुगते, हे आपण पाहिले. ते फुगणेच तंतूला अधिक ताणते आणि ताणलेला तंतू त्या फुगण्याला आवर घालतो. कॉफीच्या पाकिटाला जी पकड बाहेरून मिळते, तीच पकड तंतू वाळूला आतून देतात. वाळू दाब पेलते, पण ताण तिला मुळीच सोसत नाही. तंतूचे नेमके उलट असते. दोन दुबळ्यांनी एकमेकांची उणीव भरून काढावी, तसा हा प्रकार आहे.

या क्षेत्रातील पायाभूत कामांपैकी एक अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात डोनाल्ड ग्रे आणि त्यांचे सहकारी ओहाशी यांनी केले. त्यांचा निबंध १९८३ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे तेव्हाच्या रुरकी विद्यापीठात, म्हणजे २००१ सालापासूनच्या आयआयटी रुरकीत, प्रा. गोपाल रंजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात विस्कळीत पसरलेल्या तंतूंच्या वाळूवर त्रिअक्षीय चाचण्या केल्या. पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत काथ्याच्या तंतूंवर काम झाले. आणि माझ्या कच्छमधील प्रश्नाशी थेट जोडलेले काम इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली मांडले. पाण्याने भरलेली सैल वाळू दाबाखाली द्रवरूप होण्याच्या बेतात असते, तेव्हा तिच्यातील तंतू तिला पूर्णपणे वाहून जाऊ देत नाहीत, असे त्यांना चाचण्यांत आढळले. कणांचा परस्परस्पर्श ढिला पडला तरी तंतूंचे जाळे काही भार धरून ठेवते.

माझ्या दृष्टीने या साऱ्याचे सार असे. तंतूंनी वाळूची ताकद वाढते हे खरे. पण त्याहून मोलाची गोष्ट ही, की ती ताकद एकाएकी संपत नाही. साधी वाळू शिखरावरून कोसळते. तंतूंची वाळू दबते, फुगते, इशारा देते आणि तरीही उभी राहते. उतारावरच्या घरात झोपलेल्या कुटुंबासाठी या दोन वागणुकींतील अंतर किती मोठे आहे, हे मी वेगळे सांगण्याची गरज नाही.

तंतूंच्या मर्यादा

वृत्तपत्रात वीस वर्षे विज्ञानाच्या बातम्या संपादित करताना एक धडा मिळाला. ज्या संशोधनाच्या मर्यादा सांगितल्या जात नाहीत, त्यावर विश्वास ठेवू नये. म्हणून तंतूंच्या मर्यादाही सांगतो.

पहिली मर्यादा दाबाची. तंतू कणांच्या पकडीत असतो आणि ही पकड सभोवारच्या दाबावर अवलंबून असते. दाब कमी असेल तेव्हा तंतू तुटत नाही. तो कणांमधून निसटतो. दाब वाढत जातो तशी पकड घट्ट होते आणि तंतूंचे योगदान वाढत जाते. एका ठरावीक दाबाच्या पलीकडे मात्र तंतू निसटू शकत नाही. तो आपल्या ताकदीच्या मर्यादेपर्यंत ताणला जातो. तेथून पुढे दाब कितीही वाढवा, तंतूने दिलेली भर तेवढीच राहते. वाढते ती केवळ वाळूची आपली स्वतःची ताकद. या सीमारेषेला संशोधक क्रांतिक दाब म्हणतात. तंतू जितका लांब आणि बारीक, तितकी ही सीमा लवकर येते. यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. खोलवरच्या, आधीच आवळलेल्या वाळूला तंतूंची भर तुलनेने थोडी. पृष्ठभागाजवळच्या, निराधार वाळूला ती फार मोठी.

दुसरी मर्यादा दिशेची. तंतू जेथे ताण येतो त्या दिशेने असेल तरच उपयोगी. ग्रे आणि ओहाशी यांच्या चाचण्यांत सरकण्याच्या पातळीशी ६० अंशांचा कोन करणारे तंतू सर्वाधिक उपयोगी ठरले. वाळू थरांनी ठोकून भरली की बहुतेक तंतू आडवे होतात. वरून भार येतो तेव्हा ही गोष्ट पथ्यावर पडते. भार निराळ्या दिशेने आला तर तेच तंतू जवळजवळ निरुपयोगी ठरतात.

तिसरी मर्यादा अशी, की तंतू आधी ताणला गेला पाहिजे आणि त्यासाठी वाळू आधी थोडी हलली पाहिजे. सुरुवातीच्या सूक्ष्म हालचालीत तंतूंचा काही लाभ दिसत नाही. ज्या यंत्राच्या पायाला केसभरही खचणे चालत नाही, तेथे हा उपाय नव्हे.

चौथी अडचण कारागिरीची. कोरड्या वाळूत तंतू नीट मिसळत नाहीत. त्यांचे गोळे होतात. गोळा झालेला तंतू म्हणजे वाळूतली पोकळीच. वाळू किंचित ओलसर करून धीराने कालवावे लागते. आणि पाचवी अडचण काळाची. नैसर्गिक तंतू कुजतात. प्लास्टिकचे कुजत नाहीत, पण झिजून त्यांचे कण जमिनीत व पाण्यात मिसळण्याची चिंता राहते. कोणता तंतू, किती वर्षांसाठी, कोणत्या जागी, हे पाहिल्यावाचून निर्णय करता येत नाही.

जुना अनुभव, नवे मोजमाप

तंतूंनी माती बांधण्याची युक्ती मात्र आजची नाही. आपल्याकडे भिंतीचा चिखल तुडवताना त्यात भाताचे तूस किंवा गवताची काडी टाकीत. चिखल वाळताना तडकू नये, हा हेतू. वेरूळच्या लेण्यांतील प्राचीन गिलाव्यात भांगेच्या रोपाचे तंतू मिसळलेले असल्याचे संशोधकांनी २०१६ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले. चीनमध्ये हान राजवटीत, दोन हजार वर्षांपूर्वी, गोबीच्या वाळवंटाकडील सीमाभिंतीचे भाग वाळू-खडी आणि बोरू, झाऊ यांच्या फांद्यांचे एकाआड एक थर घालून उभारले गेले. वाळवंटात दगड-विटा मिळत नव्हत्या, म्हणून हाताशी होते ते वापरले. त्यांतील काही भाग आजही उभे आहेत.

हे सांगताना माझा हेतू, आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते, असे म्हणून टाळी घेण्याचा नाही. त्यांना अनुभव होता, आणि अनुभव ही मोठी गोष्ट आहे. पण किती तंतू घालावेत, किती दाबापर्यंत ते साथ देतील, कोणत्या दिशेने लावावेत, याचे उत्तर अनुभव एकाच गावापुरते देतो; मोजमाप ते सर्व गावांसाठी देते. फ्रान्सचे अभियंते आंरी व्हिदाल यांना किनाऱ्यावरच्या वाळूत पाइन वृक्षाच्या सुया थराथरांनी घालताना प्रबलित मातीची कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. त्यांनी खेळ तेथेच सोडला नाही. हिशेब मांडला, धातूच्या पट्ट्या वापरून भिंती उभारल्या आणि १९६३ साली एकस्व मिळवले. आज महामार्गांच्या पुलांकडे चढत जाणाऱ्या भरावांना ज्या उभ्या भिंती दिसतात, त्यांच्या आत मातीच्या थरांमध्ये अशाच पट्ट्या किंवा जाळ्या दडलेल्या असतात.

आपल्या देशाला या क्षेत्रात एक नैसर्गिक देणगी लाभली आहे, ती म्हणजे काथ्या. नारळाच्या सोडणाच्या या तंतूत लिग्निन भरपूर असते, म्हणून तागाच्या मानाने तो पुष्कळ सावकाश कुजतो. केरळात अलप्पुळ्यानजीक कलवूर येथे काथ्या मंडळाची केंद्रीय संशोधन संस्था आहे. २०२० साली केंद्र शासनाने प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतील रस्त्यांत काथ्याची जाळी वापरण्यास मान्यता दिली. सात राज्यांत मिळून १६७४ किलोमीटर रस्त्यांचे नियोजन जाहीर झाले. त्यांत महाराष्ट्राचा वाटा ३२८ किलोमीटरचा होता. येथे तंतू सुटे मिसळत नाहीत, विणलेली जाळी अंथरतात; पण तत्त्व तेच. रहदारीने खालची माती दबून घट्ट होईपर्यंत, किंवा उतारावर गवत रुजेपर्यंत जाळीने भार सांभाळायचा आणि मग सावकाश मातीत मिसळून जायचे. येथे कुजणे हा दोष राहत नाही. जे काम मुळांनी हाती घ्यायचे, ते मुळे वाढेपर्यंत काथ्या करतो.

मर्यादवेल

मुळांचा उल्लेख आला आणि आता मी माझ्या चुकीपाशी येतो.

माझे आजोळ रत्नागिरी जिल्ह्यातील समुद्रकाठचे. घराच्या माडांपुढे वाळूची लांबलचक टेकडी होती. तिच्यावर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली असे आणि मधूनमधून रावणाच्या मिशा म्हणतात ते काटेरी गवत. आम्ही मुले वेलीचे दोर ओढून खेळू लागलो की आजी ओसरीवरून ओरडायची, "अरे, ती वेल उपटू नका. ती समुद्राची मर्यादा आहे." आजी शाळेत गेली नव्हती. आम्हाला ती भाबडी समजूत वाटायची.

पुढे गावात पर्यटक येऊ लागले. किनारा 'मोकळा आणि सुंदर' करण्याचे ठरले. टेकडी यंत्राने सपाट केली, वेल उपटून टाकली, तेथे वाहनतळ झाला. मी तेव्हा वृत्तपत्रात होतो. गावकऱ्यांनी मोठ्या अभिमानाने बोलावले. मी गेलो, पाहिले आणि त्या सुशोभीकरणाचे कौतुक करणारा सचित्र वृत्तांत लिहिला. कच्छमध्ये ज्याला 'पायाखाली पाहा' असे सांगितले गेले होते, त्याच माणसाने स्वतःच्या आजोळी पायाखाली पाहिले नाही.

त्यानंतरच्या काही पावसाळ्यांत वाहनतळाची कड खचत गेली. मग माडांची पहिली रांग गेली. एका भाद्रपदात मी गेलो, तेव्हा उरलेल्या माडाची मुळे उघडी पडून वाऱ्यावर लोंबत होती. मी वाकून मूठभर वाळू त्या मुळांतून सोडवू पाहिली. मुळांनी ती सोडली नाही. प्रयोगशाळेतला फुगलेला दंडगोल मला तेथे, माझ्या पायाशी दिसला.

वेलीची मुळे म्हणजे वाळूतले तंतूच. ती जेथे असतात तो थर अगदी वरचा. तेथे वाळूवर दाब जवळजवळ नसतो, म्हणजेच वाळूपाशी स्वतःची ताकद जवळजवळ नसते. तंतूंची गरज सर्वांत अधिक तेथेच असते. शिवाय ही मुळे कुजली तरी नवी फुटतात आणि जमिनीवरच्या वेली वाऱ्याने उडणारी वाळू अडवून टेकडी वाढवीत राहतात. डोनाल्ड ग्रे यांच्या प्रयोगांतही नैसर्गिक तंतू होतेच. मुळे उतार कसे धरून ठेवतात, हा त्यांच्या अभ्यासाचा जिव्हाळ्याचा विषय होता. डोंगरउतारांवरील अभ्यास असेही सांगतात, की झाडे तोडल्यावर उतार लगेच कोसळत नाही. मुळे कुजण्यास काही वर्षे लागतात आणि धोका त्यानंतर वाढतो. त्यामुळे तोडणारा निर्धास्त राहतो आणि भोगणारा दुसराच असतो.

मी अतिशयोक्ती करीत नाही. वेलीच्या मुळांनी चक्रीवादळाची लाट अडत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावर काय केले, हे आपण पाहिले आहे. माझ्या आजोळची टेकडी राहिली असती तर एकही माड पडला नसता, असा दावा मी करणार नाही. तेवढा हिशेब माझ्यापाशी नाही. पण दरवर्षीच्या साध्या पावसाळ्यापुढे आणि वाऱ्यापुढे जी वाळू पिढ्यान्‌पिढ्या टिकली होती, तिचे तंतू आम्ही आमच्या हातांनी उपटले आणि त्या उपटण्याला मी छापील शाबासकी दिली, एवढे मात्र खरे.

दोन वर्षांपूर्वी गावातील काही तरुणांनी उरलेल्या पुळणीवर पुन्हा मर्यादवेलीची रोपे लावली. पायवाट सोडून बाकी जागेला काठ्यांचे कुंपण केले. त्यांनी मला बोलावले, तेव्हा मी वृत्तांत लिहिण्यापूर्वी वाकून वाळू उकरून पाहिली. बोटभर खोलीवर पांढरी, केसांसारखी मुळे होती. अजून थोडी, अजून विरळ. पण अर्धा टक्का म्हणजे किती थोडे असते आणि ते किती काम करते, हे मला आता ठाऊक आहे.

बंधू-भगिनींनो, विज्ञान दिनी आपण मोठ्या शोधांची आठवण काढतो, ते योग्यच आहे. माझी विनंती इतकीच, की आपापल्या गावातील नदीकाठ, डोंगरउतार, पुळण किंवा रस्त्याचा भराव यांविषयी उद्या एखादा निर्णय आपल्यापुढे आला, कोणी सपाटीकरणाचा ठराव मांडला, कोणी सहीसाठी कागद पुढे केला, तर सही करण्यापूर्वी एकदा वाकून पायाखालची माती हातात घ्यावी. तिला कशाने धरून ठेवले आहे, ते पाहावे. आणि स्वतःला समजले नाही, तर समजणाऱ्याला विचारण्याची लाज बाळगू नये. मी ती बाळगली नसती, तर आजीच्या ओरडण्याचा अर्थ मला पंचवीस वर्षे आधी कळला असता.